विमान लावायला मीच शिकवलं

फोनातलं विमान म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा एवढा भाग सोडला तरी चालेल. माझ्या वयाच्या बायकांसाठी सांगते. फोनच्या कपाळावरनं बोट खाली ओढलं की एक पडदा उतरतो. त्यात गोल गोल चित्रं असतात. एक बॅटरीचं, एक घंटीचं, एक वायफायचं आणि एक विमानाचं. विमानावर बोट ठेवलं की वरच्या कोपऱ्यातल्या रेंजच्या काड्या जातात आणि तिथं बारीकसं विमान येऊन बसतं. मग फोन तुमच्या हातात असतो, उजेड पाडतो, गजर करतो, नातवंडांचे फोटो दाखवतो, पण जगातला कुणी माणूस तुम्हाला फोन लावू शकत नाही आणि तुम्हीही कुणाला लावू शकत नाही.

मला हे आमच्या गावातल्या आशाताईनं सांगितलं. आमचं गाव मुळशीच्या पाण्याच्या कडेला, डोंगराच्या खोबणीत. घरात रेंज कधीच नाही. पाण्याच्या टाकीजवळच्या टेकाडावर गेलं तर येते. माझा फोन सकाळी भरलेला असायचा आणि दुपारी मेलेला. पावसाळ्यात आमच्याकडं दोन-दोन, तीन-तीन दिवस लाइट नसते, मग तर बघायलाच नको. आशाताई म्हणाली, "आजी, तुमच्या घरात रेंज न्हाई ना, म्हणून तो दिवसभर रेंज हुडकत बसतोय. हुडकून हुडकून दमतोय नि चार्जिंग खातोय. विमान लावून ठेवा. टेकाडावर गेला की काढा." तिनं एकदा करून दाखवलं नि गेली आपल्या कामाला.

बाकीचं मी माझी मी शिकले. शाळा माझी दुसरीपर्यंतच. पुढचं वाचायला मी किराणा मालाच्या पुडीच्या कागदांवर शिकले, गूळ काढून घ्यायचा आणि कागद वाचायचा. फोनही तसाच शिकले. सेटिंगमध्ये शिरायचं, आजूबाजूला बघायचं, आल्या वाटेनं परत यायचं. एकदा सगळी भाषाच इंग्रजी करून बसले होते तीन दिवस. पण कुणाला विचारलं नाही. त्याचा मला फार तोरा होता.

आता धाकटीचं सांगते. माझी बहीण, पाठची. ताम्हिणीला दिलेली. आमच्यापेक्षा तिकडं पाऊस दुप्पट आणि लाइट निम्मी. नवरा गेल्यावर ती घरात एकटी, मुलगा बावधनला फ्लॅटमध्ये. मी तिच्याकडं चार दिवस राहायला गेले तेव्हा तिचा फोन असाच दुपारी मरायचा. म्हटलं, आण इकडं. तिचा फोन दुसऱ्या कंपनीचा. त्यात विमान पहिल्या पडद्यावर नव्हतंच, बाजूला सरकवल्यावर मागच्या पानावर लपलेलं. मी ते शोधून काढलं आणि बोटानं धरून ओढत आणून पहिल्या रांगेत पहिलं बसवलं. तिला डोळ्यासमोर सापडावं म्हणून.

ती घाबरत होती. "आक्का, ह्यानं माझा फोन मरंल का गं?"

"मरत न्हाई. झोपतोय."

"आन् कुणी हाक मारली तर?"

"तुला कोण हाक मारतंय गं? मीच मारणार. चार वाजता काढायचं विमान. मी टेकाडावर जाते, तू ढाब्याच्या वळणावर जा. बोललो की परत लावायचं."

तसं आमचं ठरलं आणि ते दोन वर्षं चाललं. चार म्हणजे चार. तिच्या मागं ट्रकांचे हॉर्न, माझ्या मागं वारा. काय बोलायचो म्हणाल तर काही नाही. "काय केलंतं?" "वरी." "परत वरी? अगं पोटाला काय शिक्षा हाय का?" "मग तू ये करायला." असलंच. पण ती दहा मिनिटं झाली की दिवस झाला असं वाटायचं.

मग मागच्या वर्षी पावसाच्या तोंडाला भाचा आला आणि तिला बावधनला घेऊन गेला. त्याचं चुकलं असं आज मी म्हणत नाही. आई एकटी, छप्पर गळतंय, दवाखाना लांब. पण न्यायचं कसं, याला काही रीत असते. मी निरोप द्यायला गेले तर दोन पिशव्या गाडीत, आई गाडीत, आणि तो दाराला कुलूप घालतोय. शेजाऱ्यापाजाऱ्यांना भेटूसुद्धा दिलं नाही, ऑफिसची मीटिंग होती म्हणे. मी म्हटलं, "आईला नेतुयास का सामान नेतुयास?" तो म्हणाला, "मावशी, तुम्ही मधे पडू नका." चारचौघांत म्हणाला. त्या दिवसापासनं आमचं बोलणं बंद.

तिकडं फ्लॅटमध्ये लाइटही होती आणि रेंजही होती. विमानाचं खरं तर काही काम उरलं नव्हतं. इथंच माझी चूक आहे आणि ती मी नीट सांगणार आहे. धाकटी मला चार वाजता म्हणाली, "आक्का, हा दिसातनं आठ येळा फोन करतोय. जेवलीस का, गोळी घेतलीस का, गॅस बंद केला का. सूनबी तिकडनं. मला काय ल्हान पोर समजत्यात का?" मला काय आनंद झाला सांगू! मी म्हटलं, "मग लाव की विमान. तितंबी लावून ठेव. बसू दे त्याला ओरडत." ती हसली. मीही हसले. मला भाच्याला काहीतरी करायचं होतं आणि ते करायला माझ्या हातात एवढंच होतं.

तिनं लावलं. घरातल्या वायफायवर तिला भजनं दिसायची, फोटो यायचे, कारण वायफाय विमान असतानाही वेगळं चालू ठेवता येतं. त्यामुळं फोन बंद आहे असं तिला कधी वाटलंच नाही. भाचा पहिल्यांदा चिडला. "आई, काढ ते." ही म्हणायची, "आक्कानं सांगितलंय." मग तोही सवयीनं गप्प झाला. फोन लागला नाही तर म्हणायचा, आईचं विमान असेल.

श्रावणातली गोष्ट. मुलगा-सून कामाला गेलेली. अकराच्या सुमाराला धाकटी गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली. फरशी ओली होती, पाय सरकला, खुब्यावर पडली. फोन कमरेच्या पिशवीत होता. तिनं काढला आणि पहिला मला लावला. मुलाला नाही, मला. फोनवर इंग्रजी ओळी आल्या. विमान बंद करा असंच त्यात लिहिलेलं असतं, हे मी नंतर माझ्या फोनवर करून पाहिलं. पण माझा फोन मराठीत आहे. तिचा इंग्रजीत होता, आणि भाषा तेवढी मी बदलली नव्हती. चष्मा पडून गेलेला. तिनं परत लावला, परत त्या ओळी. विमान काढायचं हे तिच्या डोक्यात चार वाजता यायचं, अकरा वाजता नाही. मग कळ आली आणि फोन हातातनं सुटून कपडे धुवायच्या मशीनखाली गेला.

दुपारी एकला मुलानं लावला. लागला नाही. आईचं विमान, म्हणाला आणि कामाला लागला.

चारला मी टेकाडावर गेले. लावला. फोनातली ती बाई बोलली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. पाच मिनिटं थांबले, परत लावला. असं चार वेळा केलं. आदल्या दिवशी धाकटी म्हणाली होती की सोसायटीत बायकांचं भजनी मंडळ आहे, सून म्हणतीया, जाऊन या एकदा. मला वाटलं, गेली असणार. फ्लॅटमध्ये राहायला लागली, आता हिला आक्का कशाला लागते! मनात आणखीही काय काय आलं, ते लिहीत नाही. मग मी नावांची यादी उघडली. भाच्याचा नंबर माझ्याकडं होता. त्याच्या नावावर बोट नेलं. एवढं विचारायचं होतं, आई ठीक आहे ना? पण "मधे पडू नका" हे आठवलं. म्हटलं, न्हाई पडत. विमान लावलं आणि खाली उतरले. चुलीवर दूध ठेवलं होतं ते उतू गेलेलं, त्याचाही राग मी धाकटीवरच काढला.

साडेसहाला सून आली तेव्हा ती सापडली. साडेसात तास. गॅलरीच्या काचा लावलेल्या, खाली रस्त्याचा आवाज, कुणाला ऐकू जाणार?

त्या संध्याकाळी भाच्यानं आमचं भांडण बाजूला ठेवून मला फोन केले. आई दवाखान्यात आक्का आक्का करत होती. माझा फोन लागला नाही. का लागला नाही ते तुम्हाला कळलंच आहे.

दुसऱ्या दिवशी चारला मी टेकाडावर जाऊन विमान काढलं आणि फोन टिंग टिंग करत सुटला. भाच्याचा मराठीत लिहिलेला निरोप होता. "आई पडली. ऑपरेशन आहे. तुमचा फोन लागत नाही." मी तिथंच बसले. मग लावला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मावशी, आत नेलंय तिला. आता येऊन काही उपयोग नाही, उद्या या."

दवाखान्यात गेले तेव्हा ती औषधाच्या गुंगीत होती. नीट बोलणं झालं ते तीन आठवड्यांनी, फ्लॅटवर. मी बसनं गेले. नाचणीचे लाडू घेतले होते. दार सुनेनं उघडलं, पाणी दिलं. भाचा समोर येऊन बसला आणि आईचा फोन हातात घेऊन मला दाखवायला लागला, जसं परीक्षेत नापास झालेल्या पोराला दाखवतात तसं.

"हे बघा मावशी. विमान पडद्यावरनं काढून टाकलंय. सेटिंगला कुलूप घातलंय. भाषा मराठी केली. बाजूचं बटण पाच वेळा दाबलं की थेट मला फोन येतो."

मी बघितलं. नीट केलं होतं. मला येत नव्हतं ते बटणाचं. म्हटलं, "चांगलं केलंस."

"आधी कुणी विचारलं असतं तर आधीच केलं असतं," तो म्हणाला. सून म्हणाली, "अहो, असू द्या ना." तो उठून आत गेला.

मग मी धाकटीच्या खोलीत. ती पाठीवर निजलेली, पायांमधे उशी. केस कुणीतरी नीट विंचरले होते. मी तिच्या पायांवरनं हात फिरवत बसले. इकडचं तिकडचं बोललो. तिच्या घराच्या मागची केळ पडली, ते सांगितलं. शेवटी म्हटलं, "बाय, त्या दिवशी चारला तुझा फोन लागला न्हाई, तवा ह्याचा नंबर माझ्याकडं व्हता. बोट ठेवलं व्हतं त्याच्या नावावर. लावला न्हाई."

ती छताकडं बघत होती. "का?"

"राग व्हता."

"माझा?"

"त्याचा. आन् थोडा तुझाबी."

बाहेर सून मिक्सर लावत होती, तो थांबला, परत लागला. मग ती अगदी साध्या आवाजात, जेवणाचं सांगावं तसं म्हणाली, "मी पडले तवा आदुगर लई वरडले. गॅलरीत घड्याळ न्हाई, येळ कळंना. समोरच्या बिल्डिंगवर ऊन सरकत व्हतं त्यावरनं अंदाज घेत व्हते. म्हटलं, कशाला घसा फोडायचा. चार वाजले की आक्का टेकाडावर येईल, फोन लागणार न्हाई, आक्का गप बसायची न्हाई. सगळ्यांना बोंब मारंल. म्हणून मग मी वरडायची थांबले. दम राखून ठेवला."

"बाय..."

"तू जा आता. बस चुकंल तुजी."

सून चहा घेऊन आली. धाकटी म्हणाली, "तिला च्या नको, तिला जायाचंय." मी लाडूंचा डबा उशाशी ठेवला आणि उठले. सुनेनं मला लिफ्टपर्यंत सोडलं. बिचारी, तिला काही ठाऊक नव्हतं. म्हणाली, "मावशी, येत जा, आईंना बरं वाटतं."

याला आता सात-आठ महिने झाले. धाकटी काठी घेऊन घरातल्या घरात चालते असं ऐकते. तिच्या फोनला आता काही अडचण नाही, चोवीस तास चालू असतो. मी लावते, लागतो, शेवटपर्यंत वाजतो. कधी सून उचलते आणि म्हणते, "मावशी, आई झोपल्यात." मागं टीव्ही चालू असतो, आणि त्या मालिकेतल्या बाईला माझी बहीण मोठ्यानं शिव्या घालत असते, ते मला स्पष्ट ऐकू येतं. मी म्हणते, "बरं, झोपू दे."