रुमालाखालचा आकडा

"दुसरा कोण हाय?" असं तात्यांनी विचारलं आणि मी उत्तर दिलं. ते उत्तर मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. निवृत्त झाल्यावर सांगू, असं म्हणत राहिलो. निवृत्तीलाही आता बरीच वर्षं झाली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत फोनच्या लाइनवर इंटरनेट नुकतंच आलं होतं. आमच्या छोट्या कंपनीने व्यापाऱ्यांची वेबसाइट काढली. बाहेरगावच्या खरेदीदाराने 'हळद' टाइप करून शोधलं की इथल्या व्यापाऱ्यांची यादी यायची. फोन जायचा तो पहिल्या नावाला. खाली बघायचे कष्ट कुणी घेत नसे. म्हणून ती वरची जागा आम्ही लिलावाने विकायचो. प्रोग्राम माझा होता.

आधी बोली उघडी होती आणि जो जेवढं बोलेल तेवढे पैसे घ्यायचो. त्यात रोजचा वैताग. एकजण थोडा वर चढला की दुसरा त्याच्याहून थोडा वर. मग दुसरा कंटाळून सोडून द्यायचा आणि पहिला लगेच खाली यायचा. जागेची खरी किंमत कुणीच बोलत नव्हतं.

मी नियम बदलला. बोली बंद पाकिटात, महिन्यातून एकदा. जागा सगळ्यात मोठ्या बोलीला, पण पैसे दुसऱ्या नंबरच्या बोलीइतकेच. म्हणजे तुम्ही दहा लिहिले, दुसऱ्याने सहा, तर जागा तुमची आणि द्यायचे सहा. कमी लिहून काही वाचत नाही, उलट जागा जायची भीती. म्हणून मनातला खरा आकडा लिहिणंच फायद्याचं. मी यार्डात दुकानोदुकानी जाऊन हे समजावलं.

तात्या शिराळ्याकडचे. मार्केट यार्डात हळदीचं लहानसं दुकान. मोठ्या व्यापाऱ्यांमार्फत माल विकून ते थकले होते. लांबचा खरेदीदार थेट मिळावा, एवढंच त्यांना हवं होतं. माझं ऐकून त्यांनी पाकीट बाजूला सारलं.

"लिवायचं कशाला? हात द्या, जोशी."

यार्डातल्या जुन्या रीतीप्रमाणे त्यांनी आमच्या हातांवर रुमाल टाकला आणि बोटं दाबून आकडा सांगितला. रुमालाखालचा आकडा दोघांतच राहतो. भरल्या बाजारात सौदा होतो तो याच भरवशावर.

ऑफिसात आल्यावर मी तो आकडा कंपनीच्या साहेबांना सांगितला. त्यांनी विचारला, मी सांगितला. इतकं सोपं होतं.

"आणि दुसरी बोली?" साहेब म्हणाले.

"निम्म्याहून कमी आहे."

"मग एक बोली घाल मध्ये. तात्यांच्या जरा खाली."

"साहेब, मी नियम सांगून आलोय."

"नियम कुठे मोडायचाय? दुसरा नंबर तेवढा भक्कम कर. माणूस स्वतःच म्हणतोय ना, एवढे द्यायला तयार आहे? मग घेतले तर बिघडलं कुठे?"

फोनची बिलं थकली होती, पगारही. मी एका खोट्या पार्टीच्या नावाने बोली घातली.

बिल तात्यांनी दोनदा वाचलं. "माज्या येवडं जवळ आलं? दुसरा कोण हाय?"

नाव सांगायचं नाही, असा नियम होता. एवढं म्हणून गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण खोटं खरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "इस्लामपूरकडची पार्टी आहे."

तात्यांनी बिलाची घडी घातली. इस्लामपुरात त्यांचा धाकटा भाऊ वसंत हळदीचाच व्यापार करायचा. दोघांचं गोदाम एक होतं.

"व्हय, तोच. आकडा मी वसंताला सोडून कुणाला बोललो न्हाई."

"मलाही सांगितला होतात," मी म्हणालो. धीर करून म्हणालो.

"आवं, तुमाला रुमालाखाली दिला," ते माझ्यावरच चिडले. "ती का बोलायची गोष्ट हाय?"



पुढच्या महिन्यांतही मी खोटी बोली घालत राहिलो. तात्या इरेला पडून आकडा चढवत राहिले. आता त्यांना खरेदीदार नको होते, भावाला खाली पाडायचं होतं. वसंतरावांनी शपथेवर नाही म्हणून सांगितलं, तरी गोदामात मध्ये भिंत घातली गेली. तात्यांच्या मुलीच्या लग्नात सख्खा काका नव्हता. मी पहिल्या पंगतीला होतो.

वेबसाइट पुढे बंद पडली. दुसऱ्या बोलीचा नियम मला अजूनही पटतो. फक्त पाकिटं उघडणाऱ्याला स्वतः बोली घालायची सोय नसावी.

सगळं सांगून टाकायचं ठरवून एकदा तात्यांकडे गेलो. ते फार थकले होते. मला बघून हसले, खांद्यावरचा रुमाल काढून आमच्या हातांवर टाकला. "बोला जोशी, आज काय भाव?"

वाक्य मी घरून पाठ करून गेलो होतो. त्यांची बोटं माझ्या हातात होती. मी कुठलीतरी दोन दाबली.

"लय महाग सांगताय गड्या," तात्या म्हणाले आणि चहा सांगितला.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. ते गेल्याचं पेपरात वाचलं. पाठ केलेलं वाक्य असं होतं: तात्या, वसंतरावांनी बोली घातलीच नव्हती, ती मी घातली होती, मला माफ करा.