आजीचं माहेरचं नाव

आई गेली त्या महिन्यात ऑफिसला ड्राइव्ह करताना मी एका इंग्लिश उमरावाच्या बायकोचं चरित्र ऐकत होते. तिचं माहेर, दोन्ही नवरे, कुत्र्यांचीसुद्धा नावं मला पाठ झाली होती. पार्सिपनीच्या फ्युनरल होममधल्या माणसाने मृत्यूच्या दाखल्यासाठी आईच्या आईचं लग्नाआधीचं नाव विचारलं.

"आमच्याकडे लग्नात पहिलं नावही बदलायचे," मी म्हटलं. तो पेन धरून तसाच थांबला. मी आजीला आजीच म्हणायचे, दुसरं काय म्हणणार?

"माहीत नाही, असं लिहा."

सांगू शकणारी एकटी आईच होती, आणि ती पलीकडच्या खोलीत होती.

गाडी सुरू केली तसं चरित्र आपोआप पुढे चालू झालं. आता त्या बाईच्या पणजीचं चाललं होतं, नावागावासकट. मी बंद केलं नाही. ऐकत घरी आले.