पत्रीसाठी एक पान

चतुर्थीच्या सकाळी शेजारच्या काकूंनी छत्रीच्या वाकड्या दांड्याने माझ्या डाळिंबाची फांदी कुंपणावरून ओढली. गणपतीच्या पत्रीसाठी त्यांना एकच पान हवं होतं. चार भरलेल्या फळांसकट फांदी बेचक्यात चिरली.

"देवासाठीच घेतलं हो!" त्या म्हणाल्या.

देवाचं नाव घेतलं की आपल्याकडे चोरीलाही सोवळं नेसवता येतं.

 मी फांदी उचलून जागेवर बसवली, जुन्या धोतराच्या पट्टीने आवळली, खाली बांबूचा टेकू दिला.

दुपारी काकूच आरतीचं बोलावणं घेऊन आल्या.

"तुमच्या गणपतीला एकवीस पत्री आहेत," मी म्हटलं, "या फांदीला फक्त मी आहे. मी इथेच थांबतो."