मिरचीच्या हंगामातलं पोटदुखणं

"रिपोर्ट नॉर्मल आहे. सोडू घरी?" डॉक्टरांनी विचारलं.

सावली तालुक्यातल्या एका छोट्या दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन आहे. समोर आठ वर्षांची आरोही पोट धरून वाकली होती. तिचा बाप म्हणाला, "सकाळी सहाले उठली तवापासून मायले बलावा म्हणून राह्यली. माय तं तेलंगणात, मिरची तोडाले गेली. महिना झाला."

झालं, माझी खात्रीच पटली. आमच्याकडे धानाची कामं आटोपली की बायका मिरचीला जातात. माझी आईही जायची. आरोहीएवढी असताना मी पोट दुखतं म्हणून निरोप धाडायचे. दुखत काही नसायचं, आई हवी असायची. एकदा ती खरंच धावत आली, तर मी अंगणात लंगडी खेळत होते. सडकून मार खाल्ला. पण आली होती!

"आईच्या आठवणीचं दुखणं आहे, सर," मी शहाणपणा केला.

नळ्या आवरताना घड्याळाकडे लक्ष गेलं. साडेनऊ. अपेंडिक्स सुजलं की रक्तात पांढऱ्या पेशी वाढतात, सीआरपी नावाचं प्रथिनही वाढतं. पण सीआरपी चढायला कित्येक तास लागतात. दुखणं सहाला सुरू झालेलं. इतक्या लवकर घेतलेल्या रक्तावर भरवसा कसला?

मी बाहेर धावले. बाप मोटरसायकलला किक मारत होता.

"थांबा भाऊ! दुपारी परत रक्त पाहू."

"काऊन? तुमीच तं म्हनलं, काई नाई म्हनून."

"चुकलं माझं."

डॉक्टरांनी पोट पुन्हा तपासलं आणि तिला ठेवून घेतलं. चार वाजता पेशी वाढलेल्या, सीआरपीही चढलेला. दुखणं बेंबीपासून उजवीकडे खाली सरकलं होतं. लगेच अँब्युलन्सने चंद्रपूर. तिथे सोनोग्राफी आणि ऑपरेशन. अपेंडिक्स फुटायच्या आत निघालं.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. आई आली होती, पण पलंगापासून हातभर लांब उभी. बोटांत तिखट मुरलेलं. कितीदा साबण लावला तरी पोरीला हात लावायला भीत होती.

"लाव ना वं माय," आरोही म्हणाली. "जळलं तं जळू दे."

माझी आई आता नाही. ती त्या क्षणी इतकी हवी झाली की मी पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर आले.

आता रक्त घेण्याआधी मी दुखणं सुरू झाल्याची वेळ लिहून घेते. स्वतःचं लहानपण रिपोर्टमध्ये मिसळत नाही.