विमानाला चुन्याचे रूळ

झाशीच्या नगरा भागातल्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये स्वयंपाकघरातून न्हाणीघरात जायचं असेल तर मला विमानाखालून वाकून जावं लागायचं. हे कुणाला सांगितलं की लोकांना गंमत वाटते. वाटू दे. त्यांच्या डोक्याला नळी लागलेली नाही.

विमान मुळात माझ्या धाकट्या दिराचं. तो परदेशात असतो, त्याला वरचेवर नवे छंद लागतात आणि ते निस्तरायची पाळी दुसऱ्यांवर येते. घरी बसून जोडायचं, दोन माणसांचं विमान त्याने विकत घेतलं, खोकी उघडली, आतले बोल्ट बघूनच दमला, आणि सगळं पुन्हा बांधून आपल्या मोठ्या भावाला धाडून दिलं. झाशीच्या पार्सल ऑफिसातून निरोप आला तेव्हा मला सांगण्यात आलं की ‘थोडंसं सामान’ आलंय. ते थोडंसं सामान ठेल्यांवरून घरी आलं आणि ठेले आमच्या गल्लीच्या तोंडाशी अडकून बसले. दूधवाल्याची सायकलसुद्धा आत येईना.

आमचे हे तेव्हा रेल्वेच्या दप्तरात बसत होते. हे मूळचे वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले आणि त्यांना इंजिनावरून उतरवून एका टेबलामागे बसवण्यात आलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार, चष्म्याने न सुधारणारा. ज्या गोष्टीकडे थेट बघावं नेमकी तीच धूसर होते, कडेचं मात्र दिसतं. त्यामुळे हे माझ्याशी बोलायचे ते माझ्या कानाकडे, नाहीतर माझ्या मागच्या फडताळाकडे बघत. आजार आहे हे मला कळत होतं, तरी भांडताना फार राग यायचा. भांडताना तरी माणसाने बायकोकडे बघावं की नाही?

खोकी आली त्या संध्याकाळी मी तणतणत होते. हे कुठे ठेवायचं, जोडणार कोण, उडवणार कोण, पडलात तर मी काय करायचं. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फडताळाकडे बघत म्हणाले, “मला एकदा स्वतःच्या हाताने काहीतरी चालवायचंय गं. दप्तरात पंख्याचं बटणसुद्धा शिपाई दाबतो.”

तिथेच मी फसले.

माहितीपुस्तक इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. यांना ते वाचता येईना, म्हणून दिवसभर शाळेत मुलांचं डोकं खाऊन आल्यावर (किंवा मुलांनी माझं खाल्ल्यावर) मी अंगणातल्या खाटेवर बसून ते मोठ्याने वाचायचं आणि मराठीत सांगायचं. “डावीकडची लांब नळी, तिच्या टोकाला दोन भोकं.” हे बोटांनी भोकं चाचपायचे, बोल्ट बसवायचे आणि म्हणायचे, “पुढे.” पाणी हवंय का, भात लावू का, असलं मध्ये काही विचारलं तरी उत्तर तेच, “पुढे.” एकदा मी चिडून एक पान गाळून वाचलं. यांनी नळी हातात फिरवून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, “मधलं राहिलं.” मग ते पान वाचावं लागलं.

त्यातून यांची ती हातोडी. गाडी उभी राहिली की रेल्वेचा माणूस डब्यांच्या चाकांवर हातोडी मारत जातो, आवाजावरून चाकाला तडा आहे की नाही ते ओळखतो. यांचंही तेच. जोडलेल्या प्रत्येक सांध्यावर टक्क करून मारायचं आणि कान लावायचा. आता अॅल्युमिनियमची पोकळ नळी म्हणजे काही मालगाडीचं चाक नव्हे. एका नळीला असा खळगा पडला की ती बादच झाली. नवी मागवली, ती यायला अख्खा उन्हाळा गेला, आणि तोवर अर्धं विमान माझ्या डोक्यावर लोंबत राहिलं. पंखांचं कापड आलं ते मी कपडे वाळत घालायच्या दोरीवर टाकलं, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. येणारे-जाणारे थांबून हे उडणार का ते विचारायचे, “काय भौजी, जो उड़है?” मी म्हणायची, “हओ भैया, पैलें हम उड़ जैहें, फिर जो।”

माझं माहेर शहरातलं, बडा बाजाराच्या मागच्या गल्लीत. आई एकदा बघायला आली. पदर सावरत विमानाखालून वाकून माजघरात गेली, पाणी प्यायली, पुन्हा वाकून बाहेर आली. “रेल्वेवाल्यांत पोरगी देऊ नका असं तुझे काका तेव्हाच म्हणत होते,” एवढं बोलून ती रिक्षात बसली. पहिल्यांदाच मला काकांचं म्हणणं पटलं.

शेवटी ते विमान उभं राहिलं. आता ते पळवायचं कुठे? यांच्या इंजिनावरच्या जुन्या फायरमनची समथर गावाकडे शेती होती, तिला लागून सपाट पडीक जमीन. फायरमन म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा, ड्रायव्हरचा उजवा हात. हा तर यांचा इतका लाडका की आमच्याकडे दिवाळीच्या फराळाचा पहिला डबा त्याचा. त्यानेच ट्रकची सोय केली. पंख काढून, बांधून, विमान समथरला गेलं. उडवण्यासाठी परवान्यांचं झंझट फार होतं, पण जमिनीवर पळवायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही, असं यांचं म्हणणं. मलाही ते बरं वाटलं. जमिनीवर पळवा हवं तेवढं, हौस फिटली की विकून टाकू.

यांनी जुनी ड्रायव्हरची टोपी घातली, वरून हनुवटीखाली गमछा बांधला आणि डाव्या बाजूच्या खुर्चीत बसले. फायरमनने पंखा फिरवून इंजिन सुरू केलं. यांनी वेगाचा दांडा, थ्रॉटल, पुढे सारला, डावं कोपर बाहेर काढलं, आणि ताठ बसून राहिले. विमान थोडं सरळ गेलं, मग डावीकडे वळलं आणि शेजारच्या तुरीत शिरलं.

आम्ही ते ओढून बाहेर काढलं. यांनी पुन्हा थ्रॉटल सारला, पुन्हा कोपर बाहेर, पुन्हा तूर. तुरीचा मालक फायरमनचा चुलतभाऊ होता म्हणून निभावलं.

माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि मी कपाळाला हात लावला. या माणसाने उभ्या आयुष्यात कधी काही वळवलंच नव्हतं! इंजिनाला स्टिअरिंग नसतं. वेग वाढवायचा, ब्रेक लावायचा, शिटी द्यायची. कुठे जायचं ते रूळ ठरवतात. सायकल यांना येत नव्हती. माझ्या मोपेडवर मागे बसायचे आणि वळणावर नेमके उलट्या बाजूला कलायचे. आणि हे विमान जमिनीवर पायांनी वळवायचं असतं. उजवं पायडल दाबलं की उजवीकडे, डावं दाबलं की डावीकडे. ते पान मी तीनदा वाचून दाखवलं होतं, पण यांचे पाय पायडलांवर नुसते ठेवलेले असायचे, देवळात चपला ठेवतात तसे.

“अहो, वळवा ना!” मी ओरडले.

“जमीनच खराब आहे,” हे म्हणाले. “एका बाजूला उतार आहे.”

फायरमनला ते लगेच पटलं. त्याच्या साहेबाचं चुकणं त्याच्या हिशेबात बसत नव्हतं. तो जरा विचार करून म्हणाला, “भौजी, ऐसौ करत, पटरी बिछा देत।” आणि दुसऱ्या रविवारी आम्ही गेलो तर त्याने खरंच रूळ घातले होते. चुन्याचे! त्या पडीक जमिनीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन पांढऱ्या रेघा, एकमेकींपासून बरोबर रुळांइतक्या अंतरावर, दोरी धरून आखलेल्या. विमानाच्या चाकांचं माप वेगळं होतं, पण विचारतो कोण. रेल्वेतले यांचे दोन-तीन दोस्त बघायला आले होते, तेही माना डोलवत म्हणाले की आता काम झालं. मी एकटीच हसत होते, आणि एकटीने हसण्यात काही मजा नसते.

यांनी रुळांवर विमान लावून घेतलं. थ्रॉटल, कोपर, ताठ मान. विमान चुन्याच्या रेघा ओलांडून आरामात तुरीत गेलं.

दोस्तमंडळी पायडलांची तार तपासायला लागली. मी यांना हाताला धरून बाजूला, बांधावर नेलं.

“खरं सांगा. तुम्हाला त्या रेघा दिसतात का?”

“दिसतात की.”

“नक्की?”

यांनी पायाने एक ढेकूळ फोडलं. मग म्हणाले, “कडेला आल्या की दिसतात.”

म्हणजे रूळ सुटल्यावर. मी घाबरले की संतापते. संतापलेच. विमान जोडताना सांगता आलं नाही? मला इतकं वाचायला लावलंत, ते काय मरायची तयारी म्हणून? कधीपासून इतकं कमी दिसतंय? दप्तरात माहीत आहे? डॉक्टरांना?

“डॉक्टरकडे मीच गेलो होतो,” हे म्हणाले.

मला वाटत होतं, सगळ्यांनाच वाटत होतं, की नेमाच्या तपासणीत यांना पकडलं. तसं नव्हतं. इंजिनावर एक रीत असते. सिग्नल दिसला की ड्रायव्हरने तो मोठ्याने सांगायचा आणि फायरमननेही मोठ्याने सांगायचा, दोघांचं जुळलं पाहिजे. एका सकाळी फायरमन ओरडला, “लाल!” आणि यांना तिथे खांबही दिसला नव्हता. यांनी ब्रेक लावला, गाडी वेळेत थांबली, काही झालं नाही. फेरी संपल्यावर हे घरी न येता सरळ रेल्वेच्या दवाखान्यात गेले आणि म्हणाले, मला उतरवा. फायरमन कुणाला बोलला नाही, हेही नाही.

“माझ्यामागे डबेभर माणसं होती,” हे म्हणाले. “यात कुणी नाही. यात माझा मीच आहे, म्हणून म्हटलं.”

“आणि मी कोण?” मी विचारलं.

तिथून निघून घरी यायला हवं होतं. त्याऐवजी मी पदर कमरेला खोचला आणि उजव्या बाजूच्या खुर्चीत जाऊन बसले. दोन्हीकडे पायडलं होती. “पाय माझे,” मी म्हटलं, “हात तुमचे. मी सांगेन तसं ऐकायचं. रेघांच्या शेवटापर्यंत जायचं आणि थांबायचं. एकदाच. मग हे विकायचं.”

“हो,” हे म्हणाले. इतक्या पटकन हो म्हणाले की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

इंजिन सुरू झालं. मोपेड चालवणाऱ्या बाईला दोन पायडलं काही जड नाहीत. दोन झटके बसले आणि अंदाज आला. मी ओरडत होते, “सरळ! सरळ! जरा उजवी, झालं, सरळ!” आणि हे प्रत्येक वेळी माझ्यामागून तेच शब्द मोठ्याने म्हणत होते, “सरळ! उजवी! सरळ!” आवाज ड्युटीवरचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. रेघा दोन्ही बाजूंनी मागे पळत होत्या. मी त्यांच्यावरून नजर हलवली नाही.

मग हे हळूच म्हणाले, “चाकं बोलायची थांबली.”

खडखडाट बंद झाला होता. रेघा खाली गेल्या होत्या.

“उतरवा!” मी किंचाळले. “अहो, कबूल काय केलं होतं! समोर बाभळी आहेत!”

“बाभळी,” हे मोठ्याने म्हणाले. “किती लांब?”

“मला काय माहीत किती लांब! बाभळी आहेत!”

यांनी थ्रॉटल हळूहळू मागे घेतला, घाई न करता, फलाटात गाडी घेतात तसा. माणसाच्या उंचीपेक्षा जरा वर गेलेलो आम्ही खाली आलो, आपटलो, उसळलो, पुन्हा आपटलो, आणि एक चाक वाकडं करून बाभळींच्या अलीकडे थांबलो. मागून फायरमन आणि मंडळी आरडाओरडा करत धावत येत होती.

यांनी इंजिन बंद केलं. मी बोलायला तोंड उघडलं. दोन वर्षांचं साचलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात हे माझ्या कानाकडे बघत म्हणाले, “वरून काय काय दिसलं?”

यांना काही दिसलं नव्हतं. एवढं सगळं करून हे वर गेले आणि समोर नुसतं धुकं. आणि मी? मी रेघा बघितल्या आणि बाभळी बघितल्या. सांगण्यासारखं मी काही बघितलंच नव्हतं, आणि हे टोपी सरळ करत वाट बघत होते.

“शेतं दिसली,” मी म्हटलं. “हिरवीगार. गावाची घरं दिसली. आणि लांब... बेतवा नदी दिसली. चमकत होती.”

हे गमछ्याची गाठ सोडू लागले.

“इतक्या खालून बेतवा दिसत नाही,” ते म्हणाले. “पुढच्या वेळी नीट बघ.”

मी गाठ सोडायला त्यांना मदत केली. ती सुटेना.

“आधी ते चाक सरळ करून घ्या,” मी म्हटलं.