इतिहासाच्या पुस्तकातल्या पाच लाल खुणा

आधीच सांगून ठेवते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पोरींनी काही ऐकीव सांगितलं की मी विचारायची, "पुरावा काय?" शेजारच्या एकीच्या अंगात यायचं, तर तिला तोंडावर म्हटलेलं, "आधी भांडी घासून घे, मग अंगात आण." तेव्हा पुढचं वाचून कोणाला हसू आलं तर खुशाल हसा. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मीही हसले असते.

साल छप्पन असेल. आम्ही डोंबिवलीला पूर्वेला, एका कौलारू चाळीत राहायचो. चाळीमागे विहीर, आणि विहिरीपलीकडे पार मानपाड्यापर्यंत भातशेती. वडील ठाण्याला कोर्टात कारकून. आईच्या आजारपणात माझी शाळा नववीत सुटली होती. एकोणिसाव्या वर्षी मी हट्टच धरला – मॅट्रिकला बाहेरून बसणार. वडील म्हणाले, "एकदाच. पास झालीस तर मास्तरीण हो. नापास झालीस तर चिपळूणच्या स्थळाला होकार कळवतो, मग रडायचं नाही."

समोरच्या खोलीतली इंदूही माझ्याबरोबर बसणार होती. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लग्नाला वर्ष व्हायच्या आत सासरच्यांनी तिला माहेरी आणून टाकलेली. का, तर "हिला भास होतात." खरं काय, तर नवऱ्याचं बाहेर प्रकरण होतं, ते हिने डोळ्यांनी पाहिलं आणि बोलून दाखवलं. एवढाच गुन्हा! तिचा मोठा भाऊ, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, त्यांनी बजावलेलं, "पास झालीस तर नर्सिंगला घालतो. नाहीतर परत सासरी गुहागरला नेऊन सोडतो. माझ्याने दोन-दोन संसार ओढवत नाहीत." म्हणजे मी नापास झाले तर नुसतं लग्न. ती झाली तर पुन्हा तेच घर, तीच माणसं.

इतिहासाचं पुस्तक दोघींत एकच होतं, वडिलांनी ठाण्याहून आणलेलं जुनं. सकाळी ते इंदूकडे, दुपारची जेवणं उरकली की माझ्याकडे. संध्याकाळी विहिरीवर उजळणी. एकीने रहाट ओढायचा, दुसरीने उत्तर म्हणायचं, आणि कळशी भरायच्या आत पानिपतच्या पराभवाची सगळी कारणं संपली पाहिजेत, असा नियम. इंदूची कायम संपायची. माझी कळशी भरून वाहायची तरी मी आपली दुसऱ्याच कारणावर...

परीक्षेला महिना राहिला आणि पुस्तकात खुणा दिसायला लागल्या. धड्याखालच्या प्रश्नांपुढे, लाल पेन्सिलीने केलेली, बारीक बरोबरची खूण. मला वाटलं इंदू करते. तिला वाटलं मी.

"अगं, माझ्याकडे लाल पेन्सिल आहे कुठे?" इंदू म्हणाली.

"मग काय आपोआप उमटल्या?"

वडिलांना विचारलं तर ते खेकसले, "मला काय तेवढाच उद्योग आहे?"

शेवटी मी परीक्षाच घेतली. दोघींनी मिळून एक धडा तपासला, एकही खूण नव्हती. इंदूसमोर पुस्तक माझ्या ट्रंकेत ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासमोरच कुलूप काढलं. कायमधारा पद्धतीच्या प्रश्नापुढे ताजी लाल खूण! इंदू पांढरीफटक पडली. माझा हात धरून म्हणाली, "कुसुम... हे तुलाही दिसतंय ना?"

"दिसतंय की. न दिसायला काय झालं?"

तिने असा काही सुस्कारा सोडला की मला तिची कीव आली. तेव्हा मी सिद्धांत मांडला – आधीच्या मालकाच्या खुणा असणार, दमट हवेने वर येतायत. आता कळतं, त्यात काही अर्थ नव्हता. पण मग मी तिची टर उडवायला लागले. "काय इंदूबाई, तुमचे परीक्षक येऊन गेले का?" वरवर चेष्टा, आणि चोरून पाठ मात्र खुणा केलेलेच प्रश्न करायची. असा माझा शहाणपणा.

इतिहासाच्या पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी पुस्तक उघडलं तर पाच नव्या खुणा. तैनाती फौज, सालबाईचा तह, आणखी तीन. आम्ही दोघींनी सोडूनच दिलेले प्रश्न होते. मी दार लावून घेतलं आणि पाचही घोकले.

संध्याकाळी विहिरीवर इंदूने रहाट थांबवला. हळूच विचारलं, "आज पुस्तकात नवीन काही दिसलं तुला?"

"नाही," मी म्हटलं. आणि तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण नाही! पुढे म्हणाले, "पुरे तो खुळेपणा आता. इतकं मनावर घेतलंस तर लोक बोलतात ते खरंच म्हणायचं."

का म्हणाले? इतके दिवस चेष्टा केली, आता कुठल्या तोंडाने हो म्हणू, हे एक. दुसरं म्हणजे ती माझ्याहून हुशार होती आणि ते मला सलायचं. लिहिताना आजही लाज वाटते.

कल्याणच्या सेंटरवर पेपर हातात पडला. पाचच्या पाच आलेले. मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी आठवली ती इंदू. मागे वळून पाहिलं तर इंदू कोऱ्या पानाकडे बघत बसलेली.

मी पास झाले. इंदू नापास – एकट्या इतिहासात.

अण्णा तिला न्यायला निघाले त्या सकाळी मी तिच्या दारात गेले. मला बघून ती हसली. म्हणाली, "तुला एक सांगायचं राहिलं. पेपरच्या आदल्या दिवशी सकाळी मला पाच खुणा दिसल्या होत्या. तैनाती फौज, सालबाई... म्हणून तर विचारलं तुला. तू नाही म्हणालीस, तेव्हा कळलं की सासरची माणसं खोटं बोलत नव्हती. मग मी त्या प्रश्नांना हातच लावला नाही."

"चल गं, उशीर होतोय," अण्णा ओरडले.

चाळ बघत होती, वडील बघत होते... मी उभी राहिले आणि ती गेली. नंतर दोन पत्रं टाकली, त्यांत सगळं कबूल केलं. उत्तर आलं नाही. तिच्या हातात पडली की नाही, कोण जाणे. वर्षभराने अण्णांनीही खोली सोडली.

त्या खुणा कोणी केल्या, मला आजतागायत कळलेलं नाही. विज्ञानाच्या मास्तरांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं. प्रत्येकाने आपापलं काहीतरी सांगितलं, पण कुलूपबंद ट्रंकेपाशी सगळे अडले. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर कळवा, मी वाद घालणार नाही.

पण हे लिहायला घेतलं ते त्यासाठी नाही. इंदू, तू कुठे आहेस, आहेस की नाहीस, मला माहीत नाही. कोणीतरी हे तुला वाचून दाखवावं एवढीच इच्छा. तुला भास झाला नव्हता. पाच खुणा होत्या. मलाही दिसल्या होत्या गं.