खुडूक बदकी आणि आमचं शहाणपण

घरी बदकं पाळली की अंडी कमी आणि किस्से जास्त जमतात. अंडी निदान फ्रीजमध्ये ठेवता येतात. किस्से मात्र लग्नात, ऑफिसात डबा खाताना, कुठंही कोणीतरी काढतंच, "साहेब, ते बदकाचं सांगा ना!" नागपुरात कामठी रोडवरच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, तीन घरी बदकं आहेत. आमच्याकडे, शेजारच्या शांताताईंकडे आणि मागच्या गल्लीतल्या दामोदरभाऊंकडे. पण किस्सा कोणाच्याही घरचा असो, त्यात तोंडावर पडणारा माणूस मीच असतो. म्हणून आता दुसऱ्यानं सांगण्याआधी मीच सांगून टाकतो.

*

आमची ठमी पहिल्यांदा कोपऱ्यातल्या तणसावर बसली ती उठेचना. खाणं नाही, पाण्यात जाणं नाही. जवळ गेलं की पिसं फुगवून 'फिस्स' करायची. छातीची पिसं उपटून तिनं खाली अंथरली होती. मी घाबरलो. मिहानमधल्या ऑफिसात हाफ डे टाकला, ठमीला भाजीच्या क्रेटमध्ये घातलं आणि ऑटोनं जनावरांच्या दवाखान्यात नेलं. लाइनीत शेळ्या, कुत्री, एक लंगडता बैल. मी सगळ्यांना हात जोडत, "सिरियस केस आहे हो," म्हणत पुढं घुसलो.

डॉक्टरांनी ठमीला उलटसुलट करून पाहिलं. "खुडूक झाली आहे. अंड्यांवर बसाचं आहे तिले."

"मग इलाज?"

"इलाज कायचा? तिले आई व्हाचं आहे, साहेब. तुमाले काही त्रास आहे का?"

बैलवाला इतक्या जोरात हसला की बैल दचकला. आणि मला त्याच लाइनीसमोरून क्रेट घेऊन बाहेर यावं लागलं!

*

मग खुडूक मोडायचे व्हिडिओ पाहिले. एकात सांगितलं होतं, थंड पाण्यात बुडवा, पोटाची ऊब गेली की उठते. रविवारी सकाळी मी टब भरला, वरून फ्रीजमधला सगळा बर्फ ओतला आणि मन घट्ट करून ठमीला आत सोडलं.

तिनं डुबकी मारली. मान घासली, पंख झाडले, मला नखशिखांत भिजवलं. दहा मिनिटं मजेत आंघोळ करून चिंब अंगानं थेट घरट्यात जाऊन बसली.

माझी बायको वंदना दारातून पाहत होती. "अहो, बदकाले पाण्याची शिक्षा देऊन राहिले तुमी?"

व्हिडिओ कोंबडीचा होता! पण शांताताई भिंतीवरून बघत होत्या. मी त्यांना सांगितलं, "ही फर्स्ट स्टेप आहे."

*

त्याच आठवड्यात मेहुणीचा फोन आला. "भाऊजी काय करून राहिले?"

वंदना म्हणाली, "बदकीले समजावून राहिले."

खोटं नव्हतं. मी स्टूल टाकून ठमीसमोरच बसलो होतो.

*

पुढं शांताताईंची बदकी खुडूक झाली, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. मी म्हणालो, "मोडू नका. खाली बारा अंडी ठेवा. अठ्ठावीस दिवसांत पिल्लं!" त्यांच्या कॅलेंडरवर मीच पेनानं गोल केला. त्यांनी नातीला पिल्लं पाहायला बोलावून घेतलं.

अठ्ठावीस दिवस झाले. तीस झाले. "थंडीत लेट होतं," मी म्हणालो. चौतिसाव्या दिवशी एक अंडं फटाक्यासारखं फुटलं. वास असा सुटला की लेआउटभर खिडक्या बंद झाल्या.

शांताताईंच्या म्हाताऱ्या सासूबाई नाकाला पदर लावून बाहेर आल्या. "काहून गा बाप्पा, नर कोन्ता होता?"

नर? तेव्हा अख्ख्या लेआउटमध्ये बदकाचा एकही नर नव्हता!

नात म्हणाली, "म्हणजे पिल्लं येनारच नव्हती?" बदकी मात्र त्या घाणीतही आणखी दोन दिवस बसून होती. मला त्या दोन दिवसांत जेवण गेलं नाही.

*

हा किस्सा मी सहसा सांगत नाही.

मे महिना. ठमी पुन्हा खुडूक. खालून हवा लागली की खुडूक मोडते, म्हणून जाळीचा पिंजरा आणला, गच्चीवर विटांवर ठेवला, दाणापाणी ठेवलं. सकाळी तिथं छान सावली होती. मी ऑफिसला गेलो. नागपूरच्या मे महिन्यात ती सावली दहाला सरकेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

दुपारी शांताताईंचा फोन. "भाऊ, तुमची बदकी माह्या कूलरपुढे आहे. चोच वासून पडली होती. चमच्यानं पाणी पाजून राहिली मी तिले."

साठीची बाई शिडी लावून आमच्या गच्चीवर चढली होती! संध्याकाळी मी बोलणी खायच्या तयारीनंच गेलो. त्यांनी ठमीला माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "चहा घेता?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

दामोदरभाऊ एका हॉस्टेलच्या मेसमध्ये आचारी होते. आता घरूनच स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेतात. त्या फुटलेल्या अंड्यानंतर त्यांनी कामठीहून नर आणला. तो भिंत ओलांडून आमच्याकडे यायचा, आणि रोज संध्याकाळी त्याला न्यायला दामोदरभाऊ यायचे. चहा व्हायचा. ठमीकडे पाहत ते म्हणायचे, "साहेब, हिचा रस्सा असा करीन का बोटं चाटान!" आम्ही हसायचो.

दिवाळीनंतर एक दिवस ठमी गायब झाली. गल्ली पालथी घातली. त्याच दुपारी दामोदरभाऊंच्या घरून मसाल्याचा वास आला. मी जाऊन विचारलं नाही. सरळ लेआउटच्या ग्रुपवर लिहिलं, "काही लोकांची गंमत ही गंमत नव्हती, हे आज वासावरून कळलं."

नाव लिहिलं नव्हतं. गरजच नव्हती.

वंदना म्हणाली, "पुसून टाका ते." मी पुसलं नाही.

 दामोदरभाऊंनी नर घरात कोंडला आणि यायचं बंद केलं. लेआउटमधल्या एका बारशाचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता, तो दुसऱ्याला गेला. मला कळलं. मी गप्प बसलो.

जवळपास महिन्यानं, एका सकाळी अंगणात दाढी करत होतो. बाजूच्या बोळात आमचा कूलर ताडपत्री झाकून ठेवला होता. त्याच्या मागून ठमी बाहेर आली. अंगानं निम्मी झालेली. आणि तिच्या मागं, एकामागं एक, नऊ पिल्लं!

अर्ध्या तोंडाला साबण तसाच. पिल्लं घमेल्यात घेतली आणि निघालो, ठमी ओरडत मागं. सगळी गल्ली बाहेर आली. दामोदरभाऊंच्या दारात पोचलो. तोंडातून "भाऊ..." एवढंच निघालं.

दामोदरभाऊंनी घमेल्यात वाकून पाहिलं. बोट लावून एकेक पिल्लू मोजलं. मग ठमीकडे पाहिलं, मग माझ्या साबणाच्या तोंडाकडे. हसले नाहीत.

"साहेब, मी तं एकच खाल्ली होती. ह्या दहा कुठून आल्या?"